पापलेटची पिल्लं नागपूरच्या ताटात नकोत

महोदय,

गेल्या रविवारी बाजारात बर्फावर मांडलेली पापलेटं पाहिली. एकेक जेमतेम तळहाताएवढं. ‘मुलांसाठी तळायला छान’ असं विक्रेत्यानं सांगितलं, पण माझा हात पुढे झाला नाही.

पापलेट २०२३ पासून आपला राज्य मासा आहे. त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवला. तरी बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत पिल्लं सापडतात आणि इथवर येतात. एकदाही अंडी न घातलेला मासा तव्यावर गेला, तर पुढची मासळी यायची कुठून? पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचे मच्छीमार हेच कळकळीनं सांगत आले आहेत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा कोकणी घरांत सुके बोंबील, सोडे, कांद्यातला जवळा शिजतो, जोडीला आमसुलाचं सार. आपल्याकडे तर भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातल्या, तलावांतले रोहू-कतला आहेत. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बांधवांची ती मेहनत आहे.

महापालिकेनं मासळी बाजारात किमान आकारांचा मराठी तक्ता लावावा, ही विनंती.

— एक मत्स्यप्रेमी वाचक, नागपूर