जॅझ कुठून आलं, बाबा

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की आपल्या घरात कुणी इंग्रजी गाणं गुणगुणलं नाही मग हिला हे जॅझ कुठून सुचलं. तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

अहो तुमच्यामुळेच! रविवारी पोहे व्हायच्या आधी तुम्ही आपल्या इंदूरच्या अमीर खांसाहेबांचा मारवा राग लावायचात, विलंबित म्हणजे अगदी संथ झुमरा ताल, त्या 14 मात्रा संपता संपायच्या नाहीत, मी कंटाळून आईकडे पळायचे, पण ते घाई न करता समेवर कसे येतात ते कानात बसलंच. नंतर बिली हॉलिडे ही जॅझ गायिका ऐकली तर ती पण तशीच, बँड पुढे जातो आणि ही मागून सावकाश येते. तिचं रीतसर शिक्षण काहीच नाही, लहानपणी लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथच्या रेकॉर्ड ऐकून तयार झालेली. लोक म्हणतात माझा रिदम लेड-बॅक, म्हणजे मागे रेंगाळणारा आहे, मी मनात म्हणते इंदूरचा आहे.

पण घरचा कान नडतो पण. आपल्याकडे तंबोऱ्यावर सा एकदा लागला की लागला. इथे जॅझमध्ये खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, बदलत राहतात. मी सी हा सूर धरून ठेवला तर सी कॉर्डवर तो सा, एफ आला की तोच पंचम, ए मायनरवर कोमल गंधार! सूर हलवलेला नाही तरी त्याचं नातं बदलतं. जॅझ गायिका सारा वॉन लहानपणापासून पियानो वाजवायची, चर्चमध्ये गायची, तिला हे सहज येत असणार. मला अजून पियानोवर बोट ठेवून घोकावं लागतं.

आणि आई, भजनी मंडळात तू कडवं विसरलीस की “रामा गोविंदा” घालून खुशाल तान घेऊन पुढे जायचीस ना? 1960 मध्ये बर्लिनला एला फिट्झेराल्ड ही जॅझ गायिका भर कार्यक्रमात शब्द विसरली, तिथल्या तिथे काहीबाही जुळवून गात राहिली आणि त्याच रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं. तुला मंडळातल्या काकूंनी फक्त टोमणे मारले.

बाबा, त्या कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका हं, दिवाळीत आले की सगळ्या मोबाईलवर उतरवून घेते. आणि कुणी मुंबईला येत असेल तर जीरावण मसाला पाठवा, इथल्या पोह्यांना काही चव नाही.

तुमची,
चिऊ