पाल नव्हे, पॉल!

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला नॉर्वेजियन लोकांनी अमेरिकेत वसवलेल्या गावावरचा लेख वाचला. विषय उत्तम, छायाचित्रे त्याहून उत्तम. पण ज्या नावाच्या गमतीवर पान बेतले आहे, तेच नाव मजकुरात 'पुल्सबो', छायाचित्राखाली 'पौल्सबो' आणि संकेतस्थळावर चक्क 'पाल्सबो' असे आले आहे. त्या गावात पाली आहेत की नाहीत हा वेगळा विषय. नावात तरी नाहीत.

गाव आहे पॉल्सबो. १८८६ साली तिथे टपाल कार्यालय आले, तेव्हा तिथले रहिवासी ईव्हर मो यांनी आपल्या नॉर्वेतल्या मूळ गावाचे नाव सुचवले. त्याची सुरुवात त्यांनी इंग्रजीत 'पी, ए, यू' अशी लिहिली होती, टपाल खात्याने 'पी, ओ, यू' असे वाचले आणि तेच कायम झाले. एवढे लेखात आहे. मात्र पुढे लेखक खुशाल लिहितात की, 'अल्पशिक्षित स्थलांतरितांना धड लिहिता येत नसल्याने' हा घोळ झाला. हे कुठून आणले? डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात १७३६पासून चर्चचे दृढीकरण, म्हणजे वयात येताना श्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा विधी, सक्तीचे होते आणि त्यासाठी धर्माची प्रश्नोत्तरी वाचता येणे लागे. लगोलग १७३९मध्ये शाळांचा कायदा आला. पुढे दीडशे वर्षांनी तिथून निघालेल्या माणसाला स्वतःच्या गावाचे नाव लिहिता येत नव्हते, असे म्हणायला धाडस लागते.

चूक होते ती अशी. त्या काळच्या तिरक्या, जोडून लिहिलेल्या अक्षरांत 'ए' म्हणजे 'ओ'चेच वाटोळे आणि त्याला उजवीकडे चिकटलेली एक आखूड दांडी. पुढे लगेच 'यू', म्हणजे आणखी दोन दांड्या. वाटोळ्यामागे तीन दांड्या मोजल्या तर 'एयू', दोनच दिसल्या तर 'ओयू'. टाक नुकताच शाईत बुडवलेला असेल तर वाटोळे आणि पहिली दांडी एकमेकांत मिसळतात आणि 'ए'चा 'ओ' होतो. ओळखीचा शब्द असता तर वाचणाऱ्याने अंदाजाने सावरून घेतले असते. इथे शब्दच परका. त्यातून डेन्मार्कमध्ये 'पॉल' हे नाव बहुधा 'ओयू' घालून लिहितात, तेव्हा चुकलेले रूपही कुणाला खटकावे असे नव्हते. आपल्याकडे 'घ' आणि 'ध' यांनी कितीजणांची आडनावे बदलली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

एकदा नाव खात्याच्या वहीत गेले की शिक्का, टपालाच्या याद्या, जमिनीचे कागद सगळे त्याच नावाने होतात. दुरुस्ती अशक्य नसते, पण चिकाटी लागते. अमेरिकेत १८९०मध्ये भौगोलिक नावांचे मंडळ स्थापन झाले आणि १८९१मध्ये त्याने पिट्सबर्गच्या स्पेलिंगमधला शेवटचा 'एच' काढून टाकला. तो परत मिळायला १९११ उजाडले. ते तर मोठे शहर. एका खाडीकाठच्या वस्तीने कशाला डोके फोडून घ्यावे? तिथल्या लोकांनी त्याहून शहाणपणा केला: स्पेलिंग चुकीचे राहू दिले, उच्चार मात्र 'पॉल'चाच ठेवला. आजही तो तसाच आहे. म्हणून मराठीत 'पॉल्सबो' हेच बरोबर. देवनागरीला त्या टपाल कारकुनाची चूक गिरवण्याचे काही कारण नव्हते, तरी आपल्या डेस्कने ती गिरवली आणि वर दोन स्वतःच्या घातल्या.

'बो'चा अर्थही 'शहर' नव्हे. 'पॉल्सबो' म्हणजे पॉलची जागा, पॉलची वस्ती. 'पॉलवाडी' म्हटले असते तर मराठी वाचकाला एका शब्दात कळले असते.

संकेतस्थळावरच्या पालीचे कारणही सांगून टाकतो. कित्येक जुन्या मराठी फाँटमध्ये काना आणि त्यावरचा चंद्र या दोन वेगळ्या कळा. युनिकोडमध्ये 'ॉ' हे एकच चिन्ह आहे. जुन्या फाँटमधला मजकूर रूपांतरकातून काढताना ही जोडी नीट बसवली नसेल तर काना राहतो आणि चंद्र गळतो. 'डॉक्टर'चा 'डाक्टर' आणि 'कॉलेज'चे 'कालेज' आपल्या ई-पेपरवर गेली कित्येक वर्षे दिसते आहे. रूपांतरानंतर 'ॉ' असलेले चार शब्द शोधून पाहिले तरी दोष सापडेल. दोन मिनिटांचे काम आहे.

नकाशाबद्दलही लिहितोच. पॉल्सबो वॉशिंग्टन राज्यात आहे, राजधानी वॉशिंग्टनच्या शेजारी नव्हे. मध्ये अख्खी अमेरिका आडवी पडली आहे. सिअ‍ॅटलहून बेनब्रिज बेटाची फेरीबोट पकडायची, सुमारे ३५ मिनिटांत उतरायचे आणि राज्य मार्ग ३०५ने अ‍ॅगेट पासचा पूल ओलांडून पुढे जायचे. सिअ‍ॅटलकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कुणालाही विचारले असते तर फोनवर सांगितले असते. शिंगांच्या शिरस्त्राणाचे चित्र कशासाठी होते तेही कळले नाही. खऱ्या व्हायकिंगांचीही शिरस्त्राणे शिंगांची नव्हती, आणि हे गाव वसवणारे १८८०च्या दशकातले शेतकरी, मच्छीमार आणि लाकूडतोडे होते.

दुरुस्ती छापणार असालच, तर संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी 'पॉल'वरचा चंद्र जागेवर आहे ना, तेवढे कृपया पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली