ठिकाणे नऊ, थांबा किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुटी जवळ आली की आपल्या रविवारच्या अंकात सहलींच्या जाहिरातींची दाटी होते. परवाच्या अंकातली एक मी कापून ठेवली आहे. ‘मालवण दर्शन, एक दिवस, नऊ ठिकाणे.’ खाली नवांची नावे, चहा-नाश्ता-जेवणासह माणशी दर, लहान मुलांना सवलत. कोणत्या ठिकाणी गाडी किती वेळ थांबणार, एवढे मात्र त्यात कुठे नाही.

मी एसटीत एकतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून कंट्रोल केबिनच्या खिडकीमागे. त्या खिडकीशी येऊन ‘या गाडीला गावे किती लागतात?’ असे मला कोणी विचारले नाही. लागते किती वाजता आणि सुटते किती वाजता, एवढेच लोक विचारत. सहलीचे पत्रक म्हणजे दुसरे काय? तेही वेळापत्रकच. पण ते हातात घेतल्यावर माझीही नजर नावांवरच फिरली, हे आधीच कबूल करतो.

गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही पाच जण अशाच एका सहलीला गेलो. मी, सौ., वहिनी, मुलगा आणि आठ वर्षांचा नातू. गडहिंग्लजहून पहाटे साडेचारला निघालो आणि रात्री पावणेदहाला परत टेकलो. सवय जात नाही, म्हणून पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी वेळा टिपत गेलो. एकूण सतरा तास पंधरा मिनिटे. चाके फिरत होती नऊ तास चाळीस मिनिटे. जेटीवरची रांग, पार्किंग, जेवणाची वाट पाहणे आणि जेवण यांत गेले तीन तास पन्नास मिनिटे. उरले पावणेचार तास, त्यातला एक सिंधुदुर्ग किल्ल्याचा. म्हणजे बाकीची आठ ठिकाणे आम्ही पावणेतीन तासांत ‘पाहिली’. रॉक गार्डनला तर ‘खाली उतरू नका, खिडकीतूनच बघा’ असे सांगण्यात आले.

किल्ल्यावर काय झाले, तेही सांगतो. होडीवाल्याने एक तास दिला होता. ज्या होडीने गेलात त्याच होडीने परत यायचे. चाळीस माणसे महादरवाजात मोजण्यात दहा मिनिटे गेली. सौ.चे गुडघे दुखरे, तिला घेऊन सावकाश निघालो आणि शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत पोचतो न पोचतो तो मागे शिट्टी वाजली. राजाराममहाराजांनी बांधलेल्या त्या मंदिरात हात जोडून उभे राहायलाही धड मिळाले नाही. शिवाजीमहाराजांच्या उजव्या हाताचा आणि डाव्या पायाचा चुन्यातला ठसा दरवाजापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे मला घरी आल्यावर कळले. सोबतचा मार्गदर्शक घाटभर माईकवर विनोद सांगत होता. किल्ल्यात आल्यावर तो सावलीला बसला.

खरी गंमत पुढेच. दुपारी सव्वाबाराला देवबागला नेले. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे, त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. ओहोटीला तो पाण्याबाहेर येतो, भरतीला बुडतो. आमच्या पत्रकावर या ठिकाणाला तारा काढलेला होता. धक्क्यावरचा म्हातारा होडीवाला आम्हाला बघून म्हणाला, “काकानू, आता भरती आसा. खंय उभे रवतल्यात?” सहलवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले, कारण पुढे जेवणाची वेळ दिलेली. आम्ही गेलो. कमरेएवढ्या पाण्यात चाळीस माणसे एकमेकांचे हात धरून दहा मिनिटे उभी राहिली, फोटो काढले आणि परतली. नातवाच्या पायातली एक चप्पल पाण्याने नेली. वहिनी होडीतून उतरल्याच नाहीत, शहाण्या त्याच.

पौर्णिमेला भर दुपारी तिथे वाळू दिसणार नाही, हे कळायला काही मोठी विद्या लागत नाही. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करतात, की ढोबळमानाने भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. ठिकाणाप्रमाणे तास-अर्धा तास इकडेतिकडे होईल, पण दुपारी सव्वाबाराला पाणी भरलेलेच असणार. त्यातून पौर्णिमा, म्हणजे उधाण. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. घरातल्या कॅलेंडरवर तिथी असते, पाऊणपट तोंडी होते. तरीही वर्षभर रोज एकाच घड्याळावर निघणाऱ्या सहली लोक विकतात आणि आपण घेतो. समुद्र काही डेपोतून सुटत नाही.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पौष वद्य पंचमी बघून. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाला. आदल्या दुपारी लाल गाडीने जाऊन मालवणात मुक्काम केला, सकाळी रिक्षाने देवबाग. वाळू कोरडी, मऊ, मधे मधे लाटांच्या वळ्या उठलेल्या. तासभर बसलो. नातवाने खेकड्यांची भोके मोजली. साडेदहाला निघून किल्ल्याकडे आलो आणि या खेपेला फक्त किल्लाच. बाकी सात ठिकाणे गाळली.

गाळणे हा शब्द मुद्दाम वापरतो. रस्ता बंद झाला, गाडी फेल झाली, तर कोणता थांबा गाळायचा हे नियंत्रकाला ठरवावे लागते, आणि जो मार्ग ओळखतो त्यालाच ते जमते. म्हणून जेटीवर मी तिघा जणांना एकच प्रश्न केला: “माझ्याकडे अर्धा दिवस आहे, बायकोचे गुडघे दुखतात, काय गाळू?” पहिला म्हणाला, काही गाळू नका, सगळे बसवतो. दुसऱ्याने दर कमी केला. तिसरा, पन्नाशीचा माणूस, सौ.च्या पायांकडे बघून म्हणाला, तटावर चढू नका, एकच बुरूज दाखवतो, बाकी खालून फिरू. आणि होडीवाल्याला सांगून परतीची वेळ दोन तासांनी घेऊ. त्यालाच बरोबर घेतले.

त्या दोन तासांत काय मिळाले, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. होडी किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. तट वळून त्याला पोटात घेतो. मागच्या खेपेलाही आम्ही त्याच दरवाजातून गेलो होतो, पण हे कोणी दाखवले नव्हते. बुरुजावर उभे करून त्याने तटाची नागमोडी धाव दाखवली आणि म्हणाला, सरळ भिंत असती तर पायथ्याला आलेला शत्रू वरून दिसला नसता. आता कुठेही लपला तरी कोणत्यातरी बुरुजावरून टिपता येतो. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधे या गोड्या विहिरी. सौ.ने ओंजळीत पाणी घेऊन बघितले आणि ‘आपल्या आडापेक्षा गोड’ असा निकाल दिला. मी भुयाराचे विचारले, कारण मागच्या वेळी एक पोरगा समुद्राखालून कोसभर जाणाऱ्या भुयाराचे रंगवून सांगत होता. हा म्हणाला, “मी बघितलं नाही, आणि बघितलेला माणूसही मला अजून भेटला नाही.” इथे माझा त्याच्यावर विश्वास बसला. ज्याला ‘माहीत नाही’ म्हणता येते, त्याने सांगितलेले बाकीचे मी ऐकतो.

आम्ही कोल्हापूरकडचे आहोत म्हटल्यावर तो आणखी खुलला. हा किल्ला करवीर गादीचा. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि नाव ठेवले फोर्ट ऑगस्टस. पुढे तो करवीरकरांकडे परत आला, आणि १८१२च्या तहात मालवणसकट पुन्हा इंग्रजांकडे गेला. माझे आयुष्य कोल्हापूर विभागात गेले, मालवणच्या गाडीला हजारदा हिरवा झेंडा दाखवला असेन, पण ही सोयरीक मला ठाऊक नव्हती.

परतल्यावर त्याने किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा दाखवला. खडकावर कोरलेला गणपती, सूर्य-चंद्र. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी इथे पूजा करून किल्ल्याच्या कामाला हात घातला. तिकीट नाही, रांग नाही, होडी नाही. मी कापून ठेवलेल्या जाहिरातीतल्या नऊ ठिकाणांत त्याचे नाव नाही. बहुधा तिथे विकण्यासारखे काही नसावे.

२०२५च्या जुलैत युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे. आमच्या बाजूचा पन्हाळा आहे, आणि विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे पाण्याशी नाते असलेले आणखी तीन आहेत. गर्दी वाढणार. ‘पाच किल्ले, दोन दिवस’ अशी पत्रके लवकरच येतील. म्हणून आत्ताच लिहितो.

सुरक्षिततेचेही यातच येते. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. आमच्या एसटीत बसायचे किती आणि उभे किती, हे आत रंगवून लिहिलेले असते. प्रवासी ते वाचून कंडक्टरशी भांडू शकतो. होडीतही तसा आकडा असा ठळक हवा की चढण्याआधी वाचता येईल. मी दोन्ही खेपांना लाइफ जॅकेट मागितले. पहिल्या खेपेला बक्कल तुटलेले मिळाले, आणि ‘दहा मिनिटांचे तर अंतर’ असे उत्तर. ज्या सहलीच्या घाईत बक्कल बघायला सवड नाही, ती सहल स्वस्त असली तरी घेऊ नये, असे माझे मत झाले आहे. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते हेही लोकांना माहीत नसते. जूनमध्ये जेटीवरून तसेच परतून बंदरखात्याला शिव्या घालणारे मी माझ्या खिडकीतून ऐकले आहेत.

आमच्या पहिल्या सहलवाल्याचे नाव मी लिहिणार नाही. त्याने पत्रकात छापलेले एकही ठिकाण चुकवले नाही. फसवणूक म्हणावी असे काही केले नाही. नऊ म्हटले, नऊ दाखवली. लोक नावे मोजून पैसे देतात, तो नावे वाढवतो. आमच्याच गाडीतल्या एका जोडप्याने उतरताना विचारले होते, “दुसऱ्या कंपनीत अकरा ठिकाणं आहेत ना?”

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. सहलीची जाहिरात घेताना प्रत्येक ठिकाणापुढे थांब्याची मिनिटे छापण्याचा आग्रह जाहिरातदाराकडे धरावा. पैसे देणाऱ्याला ‘छापाच’ म्हणणे आपल्याला अवघड, याची कल्पना आहे, पण विचारून तरी बघा. आणि सुटीच्या दिवसांत सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीत भरती-ओहोटीची एक ओळ घालावी. जागा लागेलच किती? जेटीवर त्याच वेळांचा फळा, शेवटची होडी आणि किल्ल्यात मिळणारा वेळ लिहून लावण्याविषयी मी बंदर विभागाला वेगळे पत्र पाठवले आहे. आमच्या स्थानकावर रोज सकाळी खडूने फळा लिहिला जायचा, त्याला कधी निधी लागला नव्हता.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, गडहिंग्लज

ता. क. — जानेवारीत वाळू उघडी पडली होती तेव्हा नातवाने सगळ्यात आधी आपली चप्पल शोधली. सापडली नाही. दुसऱ्या कोणाच्या तीन सापडल्या.