‘रीमास्टर्ड’ म्हणजे सुधारलेले, असे नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या रॉक अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांची ओळख करून देताना आपल्या रविवार पुरवणीत ‘रीमास्टर्ड’ हा शब्द हमखास कौतुकाने येतो. जुने ध्वनिमुद्रण धुऊनपुसून लख्ख केले असावे, अशी वाचकाची समजूत होते. रॉकच्या बाबतीत गेल्या तीसेक वर्षांत या शब्दाचा अर्थ कितीदा तरी ‘आणखी मोठे करून दाबून बसवलेले’ एवढाच निघाला आहे. दहा-पंधरा मिनिटे ऐकले की कान किटतात. मग दोष रॉकवर जातो, गिटारवर जातो, नाहीतर घरच्या स्पीकरवर. खरा दोष शेवटच्या टप्प्यावर, मास्टरिंगमध्ये, जाणूनबुजून घातलेला असतो.

गणपतीतल्या डीजेच्या भिंतींबद्दल या स्तंभात पत्रे येतात. हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तिथे बटण खाली केले की त्रास कमी होतो. इथे बटण कितीही खाली आणले तरी कर्कशपणा तसाच राहतो, कारण तो आवाजाच्या पातळीत नसून लहरीच्या आकारात आहे.

सीडीवर दर सेकंदाला, प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने असतात आणि एका नमुन्याचा आकडा जास्तीत जास्त ३२,७६७ असू शकतो. हे छत. त्याच्या वर काहीही जात नाही. स्नेअर ड्रमवर काठी पडते तेव्हा पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत, म्हणजे साठ-सत्तर नमुन्यांत, आवाज सुळक्यासारखा वर जाऊन खाली येतो. इलेक्ट्रिक गिटार ॲम्पमधून डिस्टॉर्ट होऊनच आलेली असते, त्यामुळे तिची लहर आधीच पठारासारखी असते. नीट केलेल्या रॉक मिक्समध्ये, म्हणजे सगळी वाद्ये आणि गायन एकत्र जुळवलेल्या प्रतीत, ड्रमचे हे सुळके सरासरी पातळीच्या बारा-चौदा डेसिबल वर उभे असतात. कानाला मात्र मोठेपणा जाणवतो तो मुख्यतः सरासरीवरून. सरासरी वर चढवायची तर छत हलत नाही, म्हणून सुळके छाटायचे. ते काम लिमिटर करतो. काही मिलिसेकंद पुढचे आधीच पाहून, सुळका येण्यापूर्वी आवाज खाली ओढणारा डिजिटल लिमिटर १९९४ मध्ये वेव्हज कंपनीच्या एल१ या रूपाने आला आणि स्टुडिओत रुळला. थ्रेशोल्डची, म्हणजे छाटणी कुठून सुरू व्हावी त्या पातळीची, एक पट्टी खाली ओढायची की गाणे मोठे, इतके ते सोपे झाले.

दोन-तीन डेसिबल छाटणे चांगल्या हातात कळतही नाही. आठ-दहा डेसिबल छाटले की दोन वेगवेगळे बिघाड होतात, आणि ‘कर्कश’ हा शब्द आपण या दोन्हींना मिळून वापरतो.

पहिला बिघाड क्लिपिंगचा. लहर छताला धडकून सपाट झाली की मूळ आवाजात नसलेले सूर जन्माला येतात. वरून-खालून सारखीच छाटली तर हे सूर मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असतात. १,००० हर्ट्झच्या आवाजातून ३,००० आणि ५,००० हर्ट्झचे आवाज निघतात. आपल्या कानाची नळी नेमकी ३,००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त प्रतिसाद देते, म्हणजे नवा कचरा कान जिथे हळवा आहे तिथेच जाऊन पडतो. सिम्बलचे, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजेचे, तर आणखी वाईट होते. सिम्बलमधला ७,००० हर्ट्झचा घटक क्लिप झाला की त्याची पाचपट ३५,००० हर्ट्झ होते. सीडीच्या व्यवस्थेत २२,०५० हर्ट्झच्या वर काही मावत नाही, म्हणून तो सूर उलटा दुमडतो आणि ४४,१०० वजा ३५,०००, म्हणजे ९,१०० हर्ट्झवर येऊन बसतो. ७,००० आणि ९,१०० यांचे सुरात काहीही नाते नाही. ड्रम वाजताना पत्रा फाटल्यासारखी जी चर्रचर्र ऐकू येते, तिच्यात या दुमडलेल्या सुरांचा वाटा असतो. लिमिटरमध्ये किंवा क्लिपरमध्ये चौपट-आठपट ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत तितके जास्त नमुने घेऊन काम करणे) चालू ठेवले तर हे दुमडणे बरेच कमी होते. पण तिप्पट-पाचपटीचे सूर तरीही राहतातच.

दुसरा बिघाड लिमिटरच्या रिलीजचा, म्हणजे दाबलेला आवाज पूर्वपातळीवर सोडायला तो जो वेळ घेतो त्याचा. जास्तीत जास्त मोठेपणा मिळावा म्हणून रिलीज एक-दोन मिलिसेकंदांवर आणतात. बास गिटारच्या ५० हर्ट्झच्या सुराचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. इतक्या घाईने वरखाली करणारा लिमिटर त्या एकाच आवर्तनाच्या आत पातळी बदलत राहतो, आणि बास घोगरा होतो. रिलीज लांबवला तर उलटा प्रकार: किक ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला गायक आणि गिटार दोघेही दचकून मागे जातात. दहा डेसिबल छाटायचे ठरवल्यावर या दोन्हींच्या मधली सुरक्षित जागा उरतच नाही.

मग हे करतात का? कारण शेजारी शेजारी ऐकवले की एक डेसिबलने मोठे गाणे सरस वाटते. मोठ्या पातळीवर कानाला खर्ज आणि वरचे सूर जास्त भरीव ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. ज्यूकबॉक्सच्या काळातही आपली तबकडी दुसऱ्यापेक्षा मोठी वाजावी ही चढाओढ होती. पण तेव्हा तबकडीच चाप लावत असे: मोठ्या आवाजाची खाच रुंद होते, बाजूवर कमी मिनिटे मावतात, आणि अति केले तर सुई उडते. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत असा कुठलाच चाप नव्हता.

मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’चे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. हा अल्बम सप्टेंबर २००८ मध्ये आला. तीच गाणी त्याच सुमारास ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही उपलब्ध झाली. गेमसाठी वेगवेगळे ट्रॅक द्यावे लागतात, म्हणून तिथली गाणी शेवटच्या दाबणीतून गेलीच नव्हती. ऐकणाऱ्यांनी दोन्ही लहरी पडद्यावर शेजारी ठेवल्या. गेमच्या प्रतीत ड्रमचे सुळके स्पष्ट दिसत होते, सीडीची प्रत विटेसारखी सपाट होती. अल्बम पुन्हा मिक्स करावा म्हणून दहा हजारांहून अधिक चाहत्यांनी ऑनलाइन मागणीपत्रावर सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवले की मिक्स त्यांच्याकडे आले तेव्हाच छताला चिकटवलेले होते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ आला. बॉब लडविग यांनी मास्टरिंगचे तीन नमुने दिले होते. बँडच्या बाजूने निवड झाली ती सर्वांत कमी दाबलेल्या नमुन्याची. म्हणजे मोठ्या कंपनीच्या मोठ्या बँडलाही ‘नको’ म्हणता येते.

रश या कॅनडातल्या बँडच्या ‘व्हेपर ट्रेल्स’वरून (२००२) आणखी एक गोष्ट कळते. हा अल्बम इतका कर्कश झाला होता की नुसते रीमास्टर करून भागण्यासारखे नव्हते, कारण बिघाड मिक्समध्येच होता. प्रत्येक वाद्य वेगळे ठेवलेल्या मूळ मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रणावरून डेव्हिड बॉट्रिल यांनी तो नव्याने मिक्स केला आणि २०१३ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला. रीमास्टर आणि रीमिक्स यांतला फरक म्हणून महत्त्वाचा. छाटलेला सुळका मास्टरिंगमध्ये परत उगवत नाही.

आता तर या छाटणीचा व्यापारी फायदाही उरलेला नाही. लाउडनेस मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत, बीएस.१७७०, २००६ मध्ये ठरली. तिचे एकक एलयूएफएस; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितके गाणे मोठे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४, तर ॲपल म्युझिक साउंड चेक (पातळी सारखी करण्याची सोय) चालू असताना साधारण उणे १६ ही पातळी धरते, आणि मोठी गाणी तिथवर खाली आणून वाजवली जातात. समजा एक गाणे उणे ६ वर दाबून बसवले आहे आणि दुसरे उणे १२ वर मोकळे ठेवले आहे. उणे १४ च्या प्लेअरवर पहिले आठ डेसिबल खाली येते, दुसरे फक्त दोन. सरासरी दोघांचीही सारखी. पण छत शून्य डेसिबल धरले तर पहिल्याचा सर्वांत उंच सुळका उणे आठवर अडकतो आणि दुसऱ्याचा उणे दोन-तीनपर्यंत जातो. स्नेअर ज्यात खरोखर अंगावर येतो ते गाणे कोणते, हे उघड आहे. पहिल्याच्या वाट्याला फक्त चरचर आली.

वाचकांना स्वतः पडताळून पाहता येईल. ऑडॅसिटी हे संगणकावर फुकट मिळते. एकाच गाण्याच्या दोन सीडी-आवृत्त्या, एक ऐंशीच्या दशकातली आणि एक नंतरची, त्यात उघडाव्यात. व्ह्यू मेन्यूत क्लिपिंग दाखवण्याचा पर्याय चालू केला की छताला टेकलेल्या जागी लाल रेघा दिसतात. नंतर लाउडनेस नॉर्मलायझेशनने दोन्ही उणे २३ एलयूएफएसवर आणून आलटून पालटून ऐकावे. ही पायरी चुकवू नये, नाहीतर जे मोठे तेच चांगले वाटणार. पातळी सारखी केल्यावर लक्ष सिम्बलच्या शेपटीकडे द्यावे: ‘त्स्स’ असा विरत जातो, की ‘खर्र’ असा तुटतो?

मुंबई-पुण्यातली बरीच मुले आता घरच्या खोलीतच रॉक ध्वनिमुद्रित करतात. त्यांच्यासाठी थोडे नेमके. मास्टरिंगला मिक्स पाठवताना मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या वाटेवरचा) लिमिटर काढून २४ बिट वेव्ह फाइल द्यावी, सर्वांत उंच सुळका उणे सहा ते उणे तीन डेसिबलच्या दरम्यान असावा. लिमिटर लावलेली प्रत तुम्हाला आवडत असेल तर ती नुसती नमुना म्हणून वेगळी द्यावी. सर्वांत जोरदार कडव्यात लिमिटरची सुई दोन-तीन डेसिबलहून जास्त हलत असेल तर मिक्सकडे परतावे. बहुतेकदा तिथे किकमधला तीस हर्ट्झच्या खालचा, स्पीकरवर ऐकूही न येणारा भाग लिमिटरला उगाच दाबत असतो. हाय-पास फिल्टरने तो काढला की आपोआप जागा मिळते. स्नेअर फार उसळत असेल तर त्याच्या एकट्याच्या ट्रॅकवर दोन डेसिबल क्लिप करावे, म्हणजे शिक्षा अख्ख्या गाण्याला होत नाही. शेवटी ट्रू पीक (नमुन्यांच्या मधली खरी उंची धरून मोजलेला सुळका) उणे एकवर ठेवावे, कारण एमपी३ किंवा एएसी करताना सुळके थोडे वाढतात आणि शून्याला टेकवलेली फाइल तिथे पुन्हा फाटते.

आणि कर्कशपणाचे मूळ पुष्कळदा गिटारच्या ॲम्पवर असते. एकट्याने वाजवताना जेवढा गेन, म्हणजे ॲम्पवर डिस्टॉर्शन वाढवणारी पातळी, छान वाटतो तेवढा चार थर एकावर एक चढवल्यावर गाळ होतो. गेन थोडा उतरवून, चारऐवजी दोनच टेक डावी-उजवीकडे ठेवले तर भिंत उलट जास्त भक्कम ऐकू येते. अडीच ते चार हजार हर्ट्झमध्ये एक-दीड डेसिबलचा रुंद उतार द्यायचा असेल तर लिमिटरच्या आधी द्यावा. एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’ (१९८०) या गाण्याच्या सुरुवातीला दोन फटक्यांमध्ये गिटार पूर्ण थांबते. ती रिकामी जागा आहे म्हणून पुढचा फटका एवढा मोठा वाटतो, ॲम्पवर गेन फार आहे म्हणून नव्हे.

ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे मागणी एवढीच आहे की नवी आवृत्ती आली म्हणून जुनी प्रत स्ट्रीमिंगवरून काढू नये. आपल्याकडे मागणी त्याहून लहान आहे. पुरवणीतल्या अल्बम-परिचयाखाली किंमत आणि कंपनी छापता, तिथे मास्टरिंग कोणी आणि कोणत्या वर्षी केले, हेही छापावे. आवृत्ती रीमिक्स आहे की फक्त रीमास्टर, आणि परीक्षणासाठी नेमकी कोणती प्रत ऐकली, एवढे त्या ओळीत आले तरी विकत घेणाऱ्याला पुरे.

आपला,
एक मास्टरिंग तंत्रज्ञ, पुणे