तारा निघाल्या, उपचार संपला नाही

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या दातांच्या तारा निघाल्या. बावीस महिने होत्या. घरी आल्या आल्या तो आरशासमोर उभा राहिला आणि दातांवरून जीभ फिरवत म्हणाला, "आई, किती गुळगुळीत लागतंय गं!" मलाही आनंद झाला, पण माझं लक्ष त्याच्या हातातल्या निळ्या डबीकडे होतं. त्या डबीत रिटेनर आहे, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन. हे पत्र त्या डबीबद्दल आहे.

माझ्या स्वतःच्या तारा पंधराव्या वर्षी निघाल्या. तेव्हा मलाही रिटेनर मिळाला होता. टाळूला चिकटून बसणारी गुलाबी प्लेट आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक तार. "रात्री लावत जा," एवढंच सांगितलं गेलं. किती वर्षं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. वर्षभर मी ती नेमाने लावली. मग परीक्षा आल्या, वसतिगृह आलं, प्लेट कपाटातच राहिली. काही महिन्यांनी लावून पाहिली तर ती बसेना. अंगठ्याने दाबून बसवली, रात्रभर दात ठणकले, सकाळी काढून ठेवली ती कायमचीच. पंचविशीपर्यंत खालचे पटाशीचे दात पुन्हा एकमेकांवर चढले होते. एक तर जसा पूर्वी तिरका होता तसाच परत फिरला. माझ्या आईवडिलांनी त्या दातांसाठी किती फेऱ्या मारल्या होत्या, हे आठवलं की आजही घशाशी दाटून येतं. पुढची कित्येक वर्षं मी अक्कलदाढांना दोष देत राहिले. खरं कारण तिथे नव्हतं.

अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा तारा लावल्या, तेव्हाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कागदावर चित्र काढून समजावलं. दाताचं मूळ हाडात घट्ट रोवलेलं नसतं. दोघांच्या मध्ये बारीक तंतूंचा थर असतो आणि त्यावर दात जणू टांगलेला असतो. तारांनी दात सरकवताना एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं, आणि हे तंतू ताणले जातात. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नवी जागा मानतात. हिरडीतले लवचीक तंतू मात्र वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ ताणलेलेच राहतात. पीळ दिलेली दोरी सोडली की उलटी फिरते, तसे ते दाताला मागे ओढतात. म्हणूनच फिरवून सरळ केलेला दात सगळ्यात आधी दगा देतो.

शिवाय ही ओढ ओसरली तरी काम संपत नाही. वय वाढतं तशी खालच्या पुढच्या दातांची जागा आपोआप आकसत जाते. ज्यांनी जन्मात तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे दात चाळिशीत दाटी करतात ते यामुळेच. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या सुळ्यांलगतच्या पहिल्या उपदाढा काढून तारा लावलेल्या होत्या, आणि रिटेनर थांबवून किमान १० वर्षं झाली होती. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांच्या खालच्या दातांची रांग समाधानकारक राहिलेली नव्हती. म्हणजे ही गोष्ट जाणकारांना केव्हापासून ठाऊक आहे. मग ती पंधरा वर्षांच्या मुलीपर्यंत का पोहोचत नाही?

माझी तक्रार एवढीच आहे. तारा लावण्याआधी किती महिने लागतील, किती दुखेल, कोणते दात काढावे लागतील, हे सगळं सांगतात. रिटेनरचा विषय शेवटच्या दिवशी निघतो, आणि त्या दिवशी मूल इतकं खूश असतं की काहीच ऐकत नाही. दात सरळ राहायला हवे असतील तोवर रात्री रिटेनर लावावा लागेल, हे वाक्य पहिल्या दिवशी आईबाप आणि मूल दोघांसमोर बोललं जावं, आणि लिहूनही दिलं जावं.

माझ्या मुलाला वर पारदर्शक प्लेट आहे आणि खालच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. तार आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. एखाद्या दातावरचा गोंद सुटला तरी तार जागेवरच दिसते, आणि तो एकच दात हळूहळू सरकू लागतो. मी त्याला रोज ब्रश करताना एकेका दातामागे बोट फिरवायला लावते. तारेखाली कीटण फार लवकर साचतं, तिथे दातांच्या फटीतला छोटा ब्रश घालावाच लागतो. प्लेट गार पाण्याने धुवायची. गरम पाण्यात तिचा आकार बिघडतो. आणि जेवताना ती कागदी रुमालात गुंडाळून कधीच ठेवायची नाही, कारण रुमाल कचऱ्यात जातो आणि प्लेटही त्याच्याबरोबर. तोंडात नाही तर डबीत, तिसरी जागा नाही. हरवली किंवा तडकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करायचा. प्लेट घट्ट वाटू लागली तर दात हलतायत असं समजायचं, आणि बसतच नसेल तर मी केलं तसं दाबायचं नाही.

आपल्या आरोग्याच्या पानावर तारा कधी लावाव्यात याबद्दल वाचायला मिळतं. एकदा तारा काढल्यानंतरच्या वर्षांबद्दलही एखाद्या ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडून, लिहून घ्यावं, ही विनंती. त्यातही ज्यांनी रिटेनर लावणं दोन-चार वर्षांपूर्वीच सोडलं, त्यांनी आता काय करावं, हे जरूर यावं. लवकर गेलं तर थोडक्यात निभावतं, पण डॉक्टर रागावतील या भीतीने ती मुलं परत जातच नाहीत. मीही तेवीस वर्षं गेले नव्हते.

आपली,
एक वाचक