देवराईत बसण्याआधी

मार्गशीर्षात संगमेश्वर तालुक्यातल्या एका देवराईत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात) ३ दिवस मौनात बसून आलो. ज्यांनी माझी तयारी करून घेतली, त्यांचे मनापासून आभार. (नावं लिहू नका, असं त्यांनीच बजावलंय.)

गुरवकाकांनी आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, मगच वाट दाखवली. राईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, म्हणून चुलीचा विचार सोडला. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी भाजलेल्या नाचणीचं पीठ, गूळ नि आमसुलं बांधून दिली.

सर्वांत मोठं ऋण सर्पमित्र दादाचं. फुरसं हा विषारी साप जेमतेम हातभर, पाचोळ्यात दिसतच नाही. पण खवले घासून करकर आवाज करतं. तो आवाज त्याने ओळखायला शिकवला. दगडाखाली हात घालायचा नाही, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि दंश झालाच तर न कापता, न आवळता थेट रुग्णालय. तिथे प्रतिविष आहे ना, हेही त्यानेच फोन करून विचारून ठेवलं.

रोज तिन्हीसांजेला वहाळापलीकडून कुणीतरी आरोळी द्यायचं. मी काठी दगडावर दोनदा आपटून ‘बरा आहे’ कळवायचो. ते कोण होतं, मला अजून ठाऊक नाही. त्यांना नमस्कार पोचावा.