शिबिरातलं करंटचं मशीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या अंकाच्या घडीतून एक गुलाबी पत्रक पडलं. ‘मोफत शिबिर. कंबरदुखी, गुडघेदुखी, लकवा, मधुमेह मुळापासून बरा. ना गोळी, ना ऑपरेशन.’ अशी पत्रकं पहाटे वाटपाच्या वेळी घालतात, तुमचा त्यात हात नसतो, हे ठाऊक आहे. तरी पत्र तुम्हालाच लिहितोय. कारण आमच्या दाजींनी ते वाचून ‘पेपरात आलंय’ असंच सांगितलं, आणि पेपरात आलं की खरं मानणाऱ्यांतली आमची पिढी.

मी एस.टी.त ३१ वर्षं वाहक होतो. त्यातली बरीच वर्षं कोल्हापूरहून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला जाणाऱ्या गाडीवर गेली. एका हातानं वरचा दांडा धरायचा, दुसऱ्यानं तिकिटं फाडायची आणि वळणावर कंबरेनं तोल सांभाळायचा. निवृत्तीनंतर चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं आणि तिथल्या बाईंनी पहिल्यांदा ‘टेन्स’चे, म्हणजे कातडीवरून हलका करंट सोडून दुखणं कमी करणाऱ्या मशीनचे, पॅड लावले. आमच्याकडं सगळे त्याला करंटच म्हणतात.

करंट म्हटल्यावर मी दचकलो होतो. बाई म्हणाल्या, ‘काका, मणक्यात एक दार असतं असं समजा. करंटच्या मुंग्यांची गर्दी झाली की दुखण्याला आत यायला वाव मिळत नाही.’ मला लगेच जोतिबाच्या यात्रेतली गाडी आठवली. दारात पन्नास जण रेटत असताना मागच्याला पायरीवर पायसुद्धा टेकवता येत नाही. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी हा विचार मांडला. दोन वर्षांनी वॉल यांनी स्वीट नावाच्या मेंदूच्या सर्जनबरोबर करंटचा प्रयोग केला तो आधी स्वतःवर, हेही बाईंनीच सांगितलं. तेव्हा कुठं माझी भीती मोडली.

पण यात्रा पांगली की मागचा चढतोच. मशीन काढल्यावर मला तास-दीड तास हलकं वाटतं, मग कळ पुन्हा हजर. त्या दीड तासात मी व्यायाम उरकतो, रंकाळ्यापर्यंत चालून येतो. मशीनचा उपयोग एवढाच, आणि माझ्यापुरता तो पुष्कळ आहे. सगळ्यांना एवढाही होत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी २०१६ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत तर कंबरदुखीला टेन्स देऊ नये असंच म्हटलंय. बाईंनी हे मशीन घ्यायच्या आधी सांगितलं होतं, लपवलं नाही.

आता शिबिराकडं येतो. मंगल कार्यालयात दीडशे खुर्च्या, चहा-बिस्किटं, पुढं टाय लावलेला पोरगा. दाजी रांगेत तिसरे. त्यांना पेसमेकर बसवून तीन वर्षं झालीत. कुणी विचारलं नाही, कुठं लिहिलेलं नाही. त्या पोरानं शर्ट वर करायला लावून पॅड चिकटवलेसुद्धा, बटणाकडं हात जाणार तेवढ्यात मी वायरच उपसली. तो म्हणतो कसा, ‘काका, नऊ व्होल्टच्या बॅटरीनं काय होतंय?’ अरे बाबा, पेसमेकर हृदयाचा ठोका ऐकून चालतो. बाहेरच्या करंटलाच तो ठोका समजला तर? दाजी माझ्यावरच रागावले, चारचौघांत अपमान केला म्हणून. बहिणीनं घरी पेसमेकरचं कार्ड पुढं ठेवलं तेव्हा गप्प झाले.

त्यांच्यामागं एक मावशी होत्या, मधुमेहानं तळपाय बधिर झालेल्या. मुंग्या कळेनात म्हणून तो पोरगा करंट वाढवतच राहिला. जिथं स्पर्शच कळत नाही तिथं कातडी भाजली तरी कळत नाही. आमच्या बाई पॅड लावायच्या आधी कापसाचा बोळा फिरवून ‘कळतंय का’ विचारतात, जखमेवर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला लावत नाहीत, गरोदर बाईच्या पोटावर किंवा कंबरेवर लावत नाहीत. पॅड काढायच्या आधी मशीन बंद करायला लावतात, नाहीतर असा झटका बसतो की आईच आठवते. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात.

मशीनची किंमत सांगितली १४,५०० रुपये, ‘फक्त आजच्या दिवस’ ९,०००. मी माझं २,२०० ला घेतलंय, पावतीसकट. शिबिरात पावती मागितली तर ‘नंतर पाठवतो’. आतलं माहितीपत्रक सगळं इंग्रजीत.

मधुमेह आणि लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा तुमच्याकडं दोनच मागण्या. अंकात कुठली पत्रकं घालायची नाहीत ते वितरकांना लेखी कळवा. आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत एकदा ठळक चौकट छापा: पेसमेकर असलेल्यांनी आणि पाय बधिर असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावून घेऊ नये. चौकट मोठ्या टायपात छापा, दाजींचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

पत्रक सोबत जोडलं आहे. मागच्या बाजूला पुढच्या शिबिराची तारीख आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक, कोल्हापूर